तीसपैकी एकवीस

३ नोव्हेंबर
...आणि म्हणूनच मी इम्माला शांतपणे सांगितलं की प्रश्न अभ्यासाचा नाहीच, प्रश्न फक्त फोकसचा आहे. ती भांडी घासत होती. म्हणाली, "लेओ, एकच पेपर राहिलाय. अकरा वर्षं झाली, एकच पेपर राहिलाय." मुद्दा बरोबर, टोन चुकीचा.

तर फॅक्ट्स. (वकिलाने आधी फॅक्ट्स मांडायचे.) आज लॉ फॅकल्टीत परत नाव घातलं. वय छत्तीस, दिसतो तिशीचा. दिवाणी प्रक्रिया हा एकच विषय बाकी. तेव्हा सोडला, कारण सासऱ्यांच्या तेलाच्या घाण्यावर माझी गरज होती. आता रोगाने ऑलिव्हची झाडं वाळली, घाणा बंद पडला, माझी कुणालाच गरज नाही. म्हणजे टायमिंग परफेक्ट.

इम्माचा चुलतभाऊ जवळच्या लेच्चे शहरात नोटरी आहे. त्याच्या ऑफिसात एक जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय. म्हणाला, "थेसिस सावकाश कर, पण हा पेपर सुटल्याचं फेब्रुवारी संपायच्या आत दाखव." थेसिस तशी तयारच आहे. लिहायची तेवढी राहिलीय.

इम्माची अट: या हिवाळ्यात पास झालो तर आपण सगळे इथेच. नाही झालो तर ती आमच्या पोरीला, नोएमीला घेऊन उत्तरेत मोदेनाला, बहिणीकडे. तिथे टाइल्सच्या कारखान्यात काम मिळतंय. माझ्यासाठीही आहे म्हणे. मी हसलो. वकील आणि टाइल्स!

टार्गेट: तीसपैकी तीस, ऑनर्ससकट. पास व्हायला अठरा लागतात, पण ते ज्यांना लागतात त्यांना.

४ नोव्हेंबर, सकाळ
टाइमटेबल तयार. चार रंग. हिरवा वाचन, निळा रिव्हिजन, लाल स्वतःच स्वतःची तोंडी घ्यायची, पिवळा विश्रांती. भिंतीवर लावलं. लांबून पिवळं दिसतं, पण तो उजेडाचा दोष.

सासरे ब्रित्सिओ येऊन टाइमटेबलसमोर उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "जावईबापू, चित्र छान आलंय." आणि करवत घेऊन वाळलेली झाडं कापायला गेले. मला हाताखाली या म्हणाले होते. मी म्हटलं, अभ्यास आहे.

७ नोव्हेंबर
पुस्तक जाडजूड आहे. उशाला घेऊ शकतो. प्रस्तावना वाचली. अतिशय सुंदर. लेखकाने बायकोचे आभार मानलेत.

मीही थेसिसमध्ये इम्माचे मानणार. मसुदा लिहून ठेवला. दोन पानं झाली.

११ नोव्हेंबर
पहिलं लेक्चर. पोरं लॅपटॉप उघडून बसलेली. मी फाउंटन पेन नेला होता. शेजारी जिनेव्हरा नावाची मुलगी, असेल बावीसची. मला म्हणाली, "सर, तुमची जागा पुढे आहे ना?" तिला वाटलं मीच प्रोफेसर. पर्सनॅलिटी लागते.

मग खरे प्रोफेसर आले. स्पेदिकातो. बारीक, वाकलेले, आवाज असा की मागच्या बाकावरच्यालाही वाटावं आपल्याच कानात बोलतायत. सोबत असिस्टंट कालो मॅडम. माझ्याहून लहान आहेत. मी सोडून गेलो तेव्हा त्या शाळेत असतील. त्यांच्यावर राग नाही.

लेक्चर फास्ट होतं. नोट्स घेतल्या नाहीत. ऐकणं जास्त महत्त्वाचं.

१२ नोव्हेंबर
आज लेक्चरला गेलो नाही. कालचं पचवतोय.

१९ नोव्हेंबर
घरी अभ्यास होत नाही. नोएमी टीव्ही लावते, इम्मा वृद्धाश्रमाची पाळी करून आली की दिवसा झोपते आणि मला घरात कुजबुजत वाचावं लागतं. कायदा कुजबुजत वाचायची गोष्ट नाही.

सोल्यूशन: इप्पाझिओचा, म्हणजे आमच्या पाझिओचा बार. कोपऱ्यातलं टेबल, कॉफी हाताशी. पाझिओने गावभर सांगितलं, "आमचे वकीलसाहेब परत शिकतायत!" सगळे येऊन पाठ थोपटतात. 'लांडग्याच्या तोंडात जा' म्हणतात, परीक्षेला जाणाऱ्याला इथे तसंच म्हणायचं असतं. मी म्हणतो, "मरो तो लांडगा." दिवसातून इतक्यांदा म्हणतो की घसा बसतो.

पहिला चॅप्टर निम्मा झाला. जवळजवळ.

२७ नोव्हेंबर
पहिली केस! म्हणजे ऑफिशियल नाही, पण केसच.

पाझिओच्या स्वयंपाकघरातला धूर वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या खिडकीत जातो. बाई कोर्टात गेल्या, तातडीचा अर्ज. पाझिओला हजर राहायचा कागद आला. तो घाबरून म्हणाला, "लेच्चेचा वकील करू का?" मी म्हटलं, "मी असताना?" शांतपणे समजावलं: आपण गेलोच नाही तर जजला एकच बाजू ऐकू येते. एकच बाजू ऐकून निकाल देता येत नाही. म्हणजे तारीख पुढे. वर्षभर अशीच पुढे. तोवर बाई थकतील.

पाझिओ म्हणाला, "हे पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "हे अनुभवात आहे." त्याने कॉफी दिली, वर बदामाची बिस्किटं.

प्रत्यक्ष प्रॅक्टिस हाच खरा अभ्यास. टाइमटेबलमध्ये पाचवा रंग, जांभळा.

८ डिसेंबर
सण. घरोघरी पित्तुले तळतात, आमच्याकडेही. इम्माने पिठाचे गोळे तेलात सोडता सोडता विचारलं, कुठवर आलास? मी म्हटलं, पाया पक्का करतोय. ती म्हणाली, "घर कधी बांधणार?" नोएमी खिदळली. नऊ वर्षांच्या मुलीने बापावर हसायचं नसतं, पण विनोद ठीक होता.

तेल उत्तरेचं होतं, बाटलीतलं. ब्रित्सिओंनी एकही खाल्ला नाही.

१३ डिसेंबर
जिनेव्हरा लायब्ररीत भेटली. मला अजून "तुम्ही" म्हणते. मी म्हटलं, अगं, आपण क्लासमेट आहोत. म्हणाली, "हो हो, तुम्ही बरोबर बोलताय."

तिने स्पेदिकातोंबद्दल टिप्स दिल्या. आधी कालो मॅडम दोन प्रश्न विचारतात, मग सर एक. ग्रुपमध्ये या म्हणाली, चौघं मिळून एकमेकांची तोंडी घेतात. मी नम्रपणे नकार दिला. मी त्यांच्या लेव्हलला उतरलो तर त्यांचं नुकसान.

परीक्षेची सूचना बोर्डावर लागलीय. २३ जानेवारी आणि मग १३ फेब्रुवारी. हिवाळ्यात दोन संधी! खाली बरंच बारीक अक्षरात लिहिलंय, चष्मा आणला नव्हता. तारखा कळल्या, पुरे.

२० डिसेंबर
पाझिओची तारीख होती. सल्ल्याप्रमाणे गेला नाही. दिवसभर बारमध्ये बसून शिट्टी वाजवत होता. आम्ही दोघांनी व्हिक्टरी साजरी केली.

२५ डिसेंबर
नाताळ. इम्माची बहीण मोदेनाहून फोनवर. स्पीकर चालू होता, बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा पेपर अजून संपला नाही? आमच्याकडच्या सुपरवायझरने त्या अवधीत पोरं शाळेत घातली." इम्मा म्हणाली, "ताई, जानेवारी." फक्त तेवढंच म्हणाली, पण ज्या पद्धतीने म्हणाली, मला जरा बरं वाटलं. माझी बाजू घेतली.

नंतर भांडी पुसताना मला म्हणाली, "मला तिकडे जायचं नाहीये रे. धुकं असतं. शेजारी ओळखत नाहीत. मला इथे राहायचंय." मी म्हटलं, "राहशील." ती म्हणाली, "तुला फक्त पास व्हायचंय, लेओ. फक्त पास."

तिच्या अपेक्षा किती कमी. मी तिला सरप्राइज देणार.

३ जानेवारी
नवीन वर्षाचे संकल्प:
पहाटे पाचला उठणे.
बार बंद.
रोज एक चॅप्टर.

४ जानेवारी
नऊला उठलो. थंडी.

९ जानेवारी
पाझिओचा निकाल लागला. स्वयंपाकघर बंद करायचा हुकूम, धुराड्याचं काम होईपर्यंत. जजने एकच बाजू ऐकली आणि खुशाल निकाल दिला.

बारमध्ये गेलो तर कोपऱ्यातलं टेबल नव्हतं. कुठे गेलं विचारलं. पाझिओ म्हणाला, "तेही गैरहजर आहे, वकीलसाहेब." सगळे हसले. मग तो हसायचा थांबला. म्हणाला, लेच्चेच्या वकिलाकडे गेलो होतो. त्याने कपाळावर हात मारला, म्हणाला नुसतं येऊन उभा राहिला असतास तरी मुदत मिळाली असती, सांगितलं कुणी तुला घरी बसायला? पाझिओने माझं नाव सांगितलं नाही. "लाज वाटली," म्हणाला. कुणाची ते बोलला नाही.

जज नवखा असावा.

तरी घरी येऊन पुस्तकातला तो भाग काढला. प्रतिवादी गैरहजर राहिला तर केस थांबत नाही, त्याच्याशिवाय पुढे चालते. स्पष्ट लिहिलंय. पान तीनशे बारा. मी तिथवर पोचलो नव्हतो.

ते प्रकरण सगळं वाचलं. परत वाचलं. कारण नसताना.

१४ जानेवारी
इम्मा शाळेत जाऊन आली. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचे दिवस आहेत. बाईंनी विचारलं, नोएमी इथेच आहे ना? इम्मा म्हणाली, दहा दिवसांत सांगते.

मी म्हटलं, सांगून टाकायचं होतंस की हो. ती नोएमीच्या वेण्या घालत होती, जरा जास्त घट्ट.

१६ जानेवारी
सांत आंतोनिओची होळी. द्राक्षवेलींच्या मोळ्यांचा डोंगर पेटवतात, आख्खा जिल्हा लोटतो. इम्मा म्हणाली, यंदा तू घरी बस. मी म्हटलं, डोकं फ्रेश हवं. गेलो.

ब्रित्सिओही आले होते. यंदा मोळ्यांत वाळलेल्या ऑलिव्हची लाकडंही टाकली होती कुणीतरी. ते आगीकडे बघत म्हणाले, "हे लाकूड जळताना वास चांगला येतो. जिवंत असताना कळलं नाही." मग एकदम, माझ्याकडे न बघता, "जावईबापू, पोरीला माझ्यापासून लांब पाठवू नका."

मला भरून आलं. उद्यापासून पहाटे चार.

२२ जानेवारी
पुस्तक पूर्ण झालं नाही, पण पुस्तक पूर्ण कुणाचंच होत नसतं. महत्त्वाचे भाग झाले. त्यातले काही तर दोनदा.

इम्माने सूट इस्त्री केला. लग्नातला. बटण लागत नव्हतं, तिने सरकवून लावलं. म्हणाली, "उद्या माझी सकाळची पाळी आहे, यायला नाही जमणार." मी म्हटलं, तू नकोच येऊस, मी डिस्टर्ब होईन.

२३ जानेवारी, संध्याकाळ
नीट लिहितो. हा दिवस पुढे कुणीतरी विचारेल.

मोठा हॉल. तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते, मागे कुणीही येऊन बसतं. आडनावाप्रमाणे बोलावतात. माझं उशिरा आलं. आधीच्या पोरांपैकी एक रडली, एकाला परत या म्हणाले, जिनेव्हराला अठ्ठावीस.

मग मी. कालो मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, कोर्टाच्या अधिकारक्षेत्राबद्दल. मी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "प्रश्नावर येऊ या." मी आलो, साधारण. दुसरा प्रश्न पुराव्यांचा. तिथे मी थोडा स्वतःचा विचार मांडला. त्यांनी सरांकडे बघितलं.

सर पुढे सरकले. म्हणाले, "प्रतिवादी आलाच नाही तर काय होतं?"

मी बोललो! पान तीनशे बारा, सगळं. केस थांबत नाही. न येणं म्हणजे कबुली नाही, पण बोलायची वेळ निघून जाते. नंतर आला तर जिथे केस पोचलीय तिथून पुढेच त्याला भाग घेता येतो, मागचं परत उघडून मागता येत नाही. उदाहरणासकट सांगितलं: धूर, खिडकी, स्वयंपाकघर. सर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "हे तुम्ही पाठ केलेलं नाही, हे तुम्हाला कळलंय."

मग दोघं कुजबुजले. सर म्हणाले, "पहिल्या दोन उत्तरांवर तुम्हाला परतच पाठवायला हवं. पण या तिसऱ्यासाठी... एकवीस. घेताय?"

आपल्याकडे मार्क घ्यायचे की नाही हे विद्यार्थी ठरवतो. नाकारायचे, परत यायचं, जास्त मिळवायचे. हा हक्क आहे. माझी जुन्या पेपरांची सरासरी सत्तावीस. एकवीसने ती खाली येते. ऑनर्स गेलं. नोटरीच्या ऑफिसात भिंतीवर काय लावणार, एकवीस?

मी उभा राहिलो. कोटाचं बटण तुटलं, पण कुणाला दिसलं नाही. म्हणालो, "सर, आभारी आहे. मी नाकारतो."

हॉल एकदम गप्प. रिस्पेक्ट. सर चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "घरी कोणी आहे?" मी म्हटलं, बायको, मुलगी. म्हणाले, "मग घ्या. हे घ्या आणि घरी जा." मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच तर नाकारतोय, सर."

मागे कुठेतरी खुर्ची सरकली, दार लागलं. मी वळून पाहिलं नाही. अशा क्षणी मागे बघायचं नसतं.

स्वतःचा अभिमान वाटला. १३ फेब्रुवारीला तीस.

२३ जानेवारी, परत
घरी आलो तर इम्मा घरात. कोट अंगातच. मी म्हटलं, तुझी पाळी? म्हणाली, बदलून घेतली होती. बस्स. उठून कणीक भिजवायला लागली. कणीक नको होती, सकाळचा पाव उरलेला होता.

नोएमी माझ्याजवळ येऊन बसली. हातात गुलाबी कागदात गुंडाळलेली फुलं, देठ मोडलेले. हळूच म्हणाली, "बाबा, ते आजोबा तुला देत होते. तू का नाही घेतलंस?"

म्हणजे त्या दोघी मागे होत्या. मला बघायला आल्या होत्या. फुलं घेऊन.

मी नोएमीला सरासरी समजावून सांगितली. ती म्हणाली, "मग आता आपण मोदेनाला जाणार?" मी म्हटलं, छे. स्वयंपाकघरातून कणीक आपटल्याचा आवाज येत होता.

तत्त्वाची गोष्ट बायकोने प्रत्यक्ष पाहिली, हे एका अर्थी बरंच झालं.

२७ जानेवारी
ऑनलाइन नाव नोंदवायला गेलो. सिस्टिम घेईना. फॅकल्टीत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही परवा मार्क नाकारलेत ना? मग पुढच्या परीक्षेला बसता येत नाही. एक सोडायची, मग त्यापुढची. सूचनेत दिलंय." मी म्हटलं, कुठे दिलंय? म्हणाल्या, "खाली."

त्यापुढची म्हणजे जून.

स्पेदिकातोंकडे गेलो. खोलीबाहेर बाकावर तासभर. बाहेर आले, म्हणाले, "नियम मीच केलाय. पोरं मार्कांचा जुगार खेळतात म्हणून केला." मी म्हटलं, सर, माझी नोकरी, माझी मुलगी. ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं."

टोन चुकीचा होता असं म्हणू शकत नाही. दुःखी होता.

इम्माला अजून सांगितलं नाही. योग्य वेळ बघतोय.

३ फेब्रुवारी
इम्माला माहीत होतं. जिनेव्हराने दुकानात भेटल्यावर सांगितलं. त्या पोरीला वाटलं, घरी कळलंच असेल.

इम्मा ओरडली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "मी तुझ्यावर रागावले नाहीये, लेओ. मी थकलेय." मग म्हणाली, "तूही चल. भावोजी कारखान्यात लावून देतील. खरंच चल." तिने माझा हात धरला होता. बरेच दिवसांनी.

मी म्हटलं, जूनपर्यंत थांब. जूनमध्ये तीस आणतो.

तिने हात काढून घेतला. जोरात नाही.

२८ फेब्रुवारी
नोटरीचा फोन. दुसऱ्या कुणाला घेतलं. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. मला कितीही चालले असते रे, अठराही. मला फक्त सुटलेला पेपर हवा होता." मी म्हटलं, तुला क्वालिटीची कदर नाही. हे फोन ठेवल्यावर म्हटलं.

८ मार्च
गेल्या. सकाळची बस. ब्रित्सिओंनी नोएमीच्या सॅकमध्ये तेलाची छोटी बाटली ठेवली, घाण्यातली शेवटची. ती म्हणाली, "आजोबा, तिकडे सॅलड खातच नाहीत." ते म्हणाले, "मग वास घे."

इम्मा खिडकीशी बसली होती. मी काचेवर टकटक करून सांगितलं, जून! तिने मान हलवली. हो अशी की नाही अशी, काचेमुळे कळलं नाही. मी हो धरलंय.

आता घर शांत. अभ्यासाला आयडियल.

२ एप्रिल
घर फार शांत आहे. वाचता येत नाही. टीव्ही लावून ठेवतो.

१९ एप्रिल
ब्रित्सिओंबरोबर रानात जायला लागलोय. करवत मी धरतो, फांद्या ते ओढतात. झाडं आतून पांढरी निघतात, कोरडी. आज दुपारी पाव कापताना ते एवढंच म्हणाले, "हे झाड माझ्या आजोबांच्या आधीचं." मी म्हटलं, "अरेरे." दुसरं काही सुचलं नाही. इतकं शिकून.

पाझिओच्या बारसमोरून जातो. धुराडं झालंय, स्वयंपाकघर चालू आहे. तो हात करतो. वकीलसाहेब म्हणत नाही. लेओ म्हणतो.

११ मे
नोएमी फोनवर. उत्तरेकडचे हेल यायला लागलेत. शाळेत बाईंनी विचारलं बाबा काय करतात, तिने सांगितलं, "शिकतात." पोरं हसली म्हणे. मग ती म्हणाली, "पण मी सांगितलं की त्यांना देत होते, त्यांनी नाही घेतलं." मी विचारलं, मग? म्हणाली, "मग अजून हसली."

इम्मा कामावर होती. रविवारीही असते.

पुस्तक वाचतोय. या वेळी खरंच. पहिल्या पानापासून, रंग न लावता. संध्याकाळपर्यंत अंग दुखलेलं असतं, चार पानं होतात. पण समजतात.

१७ जून
सूट घातला नाही. हॉलमध्ये पंखे. स्पेदिकातो रिटायर झाले, कालो मॅडम एकट्या घेतात. जिनेव्हरा आता त्यांची मदतनीस, शेजारी बसली होती. मला बघून खाली बघितलं.

तीन प्रश्न. गैरहजेरीचा आला नाही. पहिल्याला अर्धं उत्तर. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला सांगितलं, माहीत नाही. मॅडम कागदावर काहीतरी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अठरा. घेताय?"

मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत एक मुलगा मोबाइलवर, आणि रिकाम्या खुर्च्या.

"घेतो," म्हणालो.

त्यांनी लिहिलं. जिनेव्हरा म्हणाली, "अभिनंदन." खरं म्हणाली, बिचारी. अजूनही "तुम्ही"च.

बाहेर पडून बदामाच्या दुधातली थंड कॉफी घेतली आणि इम्माला फोन लावला. मशीनचा आवाज येत होता. ओरडून सांगितलं, सुटला पेपर! ती म्हणाली, "काय?" परत सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, लेओ. मनापासून. मला आत जायला हवं, बेल झालीय." मी म्हटलं, मग आता याल ना? ती म्हणाली, "इथे नोएमीला मैत्रिणी मिळाल्यात." आणि मग, अगदी हळू, "तू जानेवारीत आमच्यासाठी यायला हवं होतंस."

जानेवारीत मी होतोच की तिथे. हॉलच्या मधोमध.

ब्रित्सिओंना सांगितलं. ते म्हणाले, "छान." आणि करवतीला धार लावायला लागले. उद्या ओढ्याकडची झाडं काढायचीत. पहाटे पाच. मी उठतो आता.

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहायला घेतली होती. पण जर कुणी वाचत असेल, तर एक विचारतो. माझी बाजू ऐकून घेतलीय, आता प्रामाणिकपणे सांगा. सत्तावीसची सरासरी होती माझी. तुम्ही असता तर एकवीस घेतले असते का?